"ओरिजिनलच आहे ना सर!"

नवा कॉम्प्युटर घ्यायला गेलं की रॅम किती, एसएसडी कुठली यावर तासभर डोकं खाणार आणि विंडोजच्या लायसन्सचं विचारलं की एमजी रोडवरचा दुकानदार म्हणणार "ओरिजिनलच आहे ना सर, टेन्शन कशाला!" अरे पण ओरिजिनल म्हणजे कुठलं बाबा? ओईएम, म्हणजे मशीनबरोबरच येणारं लायसन्स असेल तर ते मदरबोर्डला चिकटलेलं, बोर्ड उडाला की लायसन्स गेलं गोदावरीत, रिटेल, म्हणजे सुटं विकत घेतलेलं असेल तर नव्या मशीनवर नेता येतं, आणि फुकटच्या भावात मिळालेली ती "की", म्हणजे विंडोज चालू करायचा कोड, कुठल्यातरी कंपनीने ठोकात घेतलेल्या व्हॉल्यूम लायसन्समधली नसेल कशावरून? बिलावर काय, तर नुसतं "विंडोज प्रो"! मिसळीबरोबरचा एक्स्ट्रा पाव आहे का हा? वर विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, अपग्रेड करा म्हणून मागे लागणारेही हेच. ओईएम की रिटेल, एवढं लिहायला शाई संपते का हो तुमची?