'राहतो, राबतो तो कॅटलन': अर्धंच वाक्य

"कॅटलन राष्ट्रवादाला वंशाशी कधीच देणंघेणं नव्हतं. कॅटालोनियात राहतो आणि काम करतो तो कॅटलन, विषय संपला." स्पेनच्या ईशान्येकडच्या कॅटालोनिया या स्वायत्त प्रदेशाबद्दलचा हा दावा भाषिक अस्मितेवर वाद पेटला की हमखास पुढे येतो.

आधी 'कधीच' पाहू. डॉ. बार्तोमेउ रोबेर्त यांनी 1899 मध्ये 'कॅटलन वंश' या विषयावर व्याख्यान दिलं आणि त्याच वर्षी ते बार्सेलोनाचे महापौर झाले. 1934 मध्ये कॅटलन वंश टिकवण्यासाठी जाहीरनामा निघाला, त्यावर कॅटलनचं प्रमाण व्याकरण घडवणाऱ्या पोम्पेउ फाब्रा यांचीही सही होती.

राहतो-राबतो हे सूत्र लोकप्रिय करणारे कॅटालोनियाचे माजी अध्यक्ष जोर्दी पुजोल. पण त्यांच्या मांडणीत आणखी एक अट होती: 'आणि ज्याला कॅटलन व्हायचं आहे'. ती गाळली की अर्थच बदलतो, कारण मनाची तयारी पारखण्याचा अधिकार आधीपासून तिथे असलेल्यांकडे जातो. याच पुजोल यांनी तरुणपणी दक्षिण स्पेनमधल्या अंदालुसियातून आलेल्या मजुराला 'उद्ध्वस्त माणूस' म्हटलं होतं. पुढे त्यांनी माफी मागितली.

'विषय संपला' हे तर साफ चूक. कॅटालोनियाच्या 2006 च्या स्वायत्तता कायद्याचं कलम 7 कॅटलन हा राजकीय दर्जा कॅटालोनियात नोंदणीकृत रहिवास असलेल्या *स्पॅनिश नागरिकांना* देतं. म्हणजे आज माद्रिदहून येऊन नाव नोंदवणारा कॅटलन. नऊ वर्षं तिथे राबणारा मोरोक्कन नाही. त्याला नागरिकत्वाच्या अर्जासाठी साधारणपणे 10 वर्षं कायदेशीर वास्तव्य लागतं, लॅटिन अमेरिकेतल्या माणसाला 2 वर्षं. नागरिकत्वाची परीक्षा 25 प्रश्नांची, 15 बरोबर हवेत. शिवाय मोरोक्कन अर्जदाराला भाषेचा ए-2 (प्राथमिक पातळीचा) दाखला लागतो, तोही स्पॅनिशचा. कॅटलन अस्खलित येत असेल तरी हा दाखला चुकत नाही. नागरिकत्व मिळेपर्यंत कॅटलन संसदेसाठी मत नाही.

मग हा राष्ट्रवाद निव्वळ वंशवादी म्हणायचा का? तेही नाही. सांता कोलोमा दे ग्रामेनेत या कामगारवस्तीत 1983 मध्ये कॅटलन माध्यमाची शाळा हवी म्हणणारे पालक बहुतांश स्पॅनिशभाषक स्थलांतरित होते. लोकसंख्याशास्त्रज्ञ आन्ना काब्रे यांच्या हिशेबानं विसाव्या शतकात बाहेरून कुणी आलंच नसतं, तर 1980 मध्ये तिथे साठ लाखांऐवजी सुमारे 24 लाख माणसं असती. वंशशुद्धीची भाषा या आकड्यापुढे टिकत नाही, तरी मतं मिळवते: सिल्व्हिया ओरिओल्स यांचा स्थलांतरविरोधी, अतिउजवा पक्ष आलियान्सा कातालाना 2023 मध्ये रिपोल नगरपालिकेत सत्तेवर आला आणि 2024 मध्ये 2 जागा घेऊन कॅटलन संसदेत पोचला.