घरपट्टी वाढली, बंब कुठाय?

काहून वाढवली घरपट्टी, असं विचारलं की उत्तर तयार: "चार वर्षांनी फेरआकारणी होतेच, भाऊ." होते ना! तेवढीच काय ती वेळेवर होते.

पावतीवर घरपट्टी, पाणीपट्टी, आरोग्य कर अन् दिवाबत्ती कर. दिवाबत्ती म्हणजे आमच्या गल्लीतला एक खांब. त्याचा दिवा भर दुपारी जळतो अन् अंधार पडला की विझतो. रात्री रानडुकरं अंगणापर्यंत येतात, त्यांना बरं दिसतं वाटते.

मागच्या मे महिन्यात शेजारच्या काकांची कुटाराची गंजी पेटली. 101 लावला. बंब तालुक्याला, नगरपरिषदेचा, अन् तालुका तीस किलोमीटर! आम्ही घागरी, बादल्या, फवारणीचे पंप, हाती लागलं ते घेऊन धावलो. काकू ढोरांचे दावे विळ्यानं कापत होत्या. बंब आला तेव्हा राख गार झालेली. वरून चालक विचारतो, "आग कुठाय?" अरे बाप्पा, तीच तर तुडवून राहिला तू!

आता म्हणे सुरक्षेसाठी आणखी कर. कोणती सुरक्षा? गावाला एक पोलीस पाटील, तोही मानधनावर. चौकातला कॅमेरा तीन महिने पिंपळाचं शूटिंग करतोय.

थकबाकी राहिली की माझा दाखला अडतो. बंब अडला तर कोणाचं काय अडते?

भरली परवा. पावती जपून ठेवलीय. पुढच्या आगीवर तीच टाकून पाहीन.