मांडीच्या हाडाला मॅग्नेशिअमचा रॉड? जरा थांबा

‘प्लेट-रॉडचा जमाना संपला. मॅग्नेशिअमचे इम्प्लांट हाड जुळलं की आपोआप विरघळतात. दुसरं ऑपरेशन नाही, नैसर्गिक असल्यामुळे दुष्परिणाम शून्य. कंपन्या हे दडवतात, डॉक्टरांकडे आग्रह धरा!’ अशा अर्थाचा मजकूर सध्या जोरात फिरतोय. असे स्क्रू आहेत, एवढं त्यात खरं. पुढचं बरंचसं ताणलेलं आहे.

दडवण्याचा आरोप आधी निकालात काढू. जर्मनीत बनलेल्या मॅग्नेशिअम मिश्रधातूच्या स्क्रूला २०१३ मध्ये सीई मान्यता, म्हणजे युरोपात विकायची परवानगी मिळाली, दक्षिण कोरियात असाच एक स्क्रू २०१५ मध्ये मंजूर झाला. ज्याची राजरोस विक्री चालते ते दडवलेलं कसं?

‘जमाना संपला’ म्हणणाऱ्यांनी हे स्क्रू कुठे बसवतात ते पाहावं. पायाच्या अंगठ्याचं वाकडं हाड सरळ करताना, मनगटातल्या छोट्या हाडात, घोट्याच्या आतल्या बाजूला. टायटॅनिअमचा मिश्रधातू सोसतो त्याच्या निम्मा ताणही मॅग्नेशिअमचा सोसत नाही, आणि झिजताना आहे ती ताकदही कमी होत जाते. मांडीच्या हाडावर शरीराचा भार येतो, तिथे हा जुगार कोण खेळणार? मात्र मॅग्नेशिअमचा एक खरा गुण या मजकुरात आलेलाच नाही. त्याचा ताठपणा सुमारे ४५ गिगापास्कल (ताठपणा मोजायचं एकक), म्हणजे हाडाच्या बराच जवळचा. टायटॅनिअमच्या मिश्रधातूचा ११० च्या आसपास, स्टीलचा २०० च्या घरात. फार ताठ प्लेट सगळा भार स्वतःच उचलते आणि तिच्याखालचं हाड काम नसल्यामुळे विरळ होत जातं.

‘हाड जुळलं की विरघळतात’ हे तर सपशेल चूक. हाड जुळलं की नाही हे धातूला कळत नाही. तो गंजतो, आणि गंजण्याचा वेग ठरतो मिश्रण, शुद्धता आणि आजूबाजूच्या रक्तपुरवठ्यावर. मधुमेही किंवा धूम्रपान करणाऱ्याचं हाड उशिरा जुळतं, म्हणून स्क्रू काही थांबत नाही. या क्षेत्रातलं सगळं संशोधन या वेगाभोवतीच फिरतं. विरघळणाऱ्या इम्प्लांटसाठी अजमावलेल्या धातूंपैकी लोखंड फारच सावकाश झिजतं, जस्ताचा वेग मधला पण शुद्ध जस्त मऊ, आणि मॅग्नेशिअमची घाई आवरताना नाकी नऊ येतात.

दुष्परिणामांचंही तेच. मॅग्नेशिअम आणि पाणी एकत्र आले की हायड्रोजन सुटतो, एका ग्रॅममागे जवळजवळ एक लिटर. जेमतेम २ सेंटिमीटरचा बारीक स्क्रू भरतो साधारण पाव ग्रॅम, म्हणजे पाव लिटर वायू. तो महिनोन्‌महिने हळूहळू सुटला तर शरीर जिरवतं. भराभर सुटला तर काय होतं ते पाहा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लँबोट या बेल्जियन सर्जनने पायाच्या हाडाला मॅग्नेशिअमची प्लेट सोन्याचा मुलामा दिलेल्या स्टीलच्या खिळ्यांनी बसवली. दोन वेगळे धातू शेजारी आले, गंज भडकला, ८ दिवसांत प्लेटचे तुकडे झाले आणि कातडीखाली वायू साठला.

‘नैसर्गिक’ म्हणावं तर प्रौढ शरीरात सुमारे २५ ग्रॅम मॅग्नेशिअम असतं खरं, पण गंज आवरण्यासाठी काही मिश्रधातूंत यिट्रिअम आणि इतर दुर्मिळ मृदा धातू घालतात. शरीराला त्यांची काहीच गरज नसते. शिवाय जास्तीचं मॅग्नेशिअम मूत्रपिंडं बाहेर टाकतात, त्यामुळे ती अधू असतील तर डॉक्टरांना ते आधी सांगायलाच हवं.

राहता राहिलं दुसरं ऑपरेशन. मोठ्या माणसांत टायटॅनिअमची प्लेट टोचत नसेल, जंतुसंसर्ग नसेल, तर बहुतेकदा काढतच नाहीत. वाढत्या वयाच्या मुलांत मात्र ती पुष्कळदा काढावी लागते, तिथे विरघळणाऱ्या धातूचा फायदा खरोखर मोठा आहे.

ज्यांना असा स्क्रू बसलाय त्यांनी पुढे कुठेही एक्स-रे काढताना ते आवर्जून सांगावं. सुरुवातीच्या महिन्यांत वायूमुळे स्क्रूभोवती काळी कडा दिसते, आणि माहिती नसलेल्या डॉक्टरला ती संसर्गाची किंवा स्क्रू सैल झाल्याची खूण वाटू शकते.