दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: चार दिवस चौकोनच का फिरवायला लावला

नमस्कार दादा, तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला, दोनदा वाचला. लगेच टाइप करायला घेतलेलं पण बायको म्हणाली आत्ता नको, रागात काहीतरी लिहून बसाल, म्हणून आज सकाळी चहा झाल्यावर निवांत बसलोय. बाकीच्यांना पण कळावं म्हणून तुमचं म्हणणं आधी थोडक्यात लिहितो. आमच्या ड्रोन शूटिंगच्या क्लासची फी ६,५०० घेतली, पाच दिवसांतले चार दिवस माळावर फक्कीच्या चौकोनात ड्रोन फिरवायला लावला, एक पण भारी शॉट शिकवला नाही, चार जणांची बॅच सांगून सात पोरं भरली, रंकाळा तलावावर शूट म्हणाले आणि नेलं नाही, वेपॉइंटचं (आधी ठरवून दिलेल्या जागांवरनं ड्रोन आपोआप नेणारं) बटण असताना हातानं रेघा मारायला कशाला शिकवताय, आणि शेवटी लायसन्स पण मिळालं नाही.

आधी जे खरं आहे ते. सात पोरं होती, बरोबर. दोघांची मागची बॅच पावसानं बुडालेली, त्यांना तुमच्यात घातलं आणि एक माझ्या मेव्हण्याचा पोरगा, त्याला नाही म्हणता आलं नाही. पण तुम्हाला चार सांगितलेलं, त्यामुळं रिमोट हातात मिळायचा वेळ कमी झाला, ही चूक माझी. फीमधले २,००० परत करतोय, त्याच नंबरवर पाठवतो, त्यासाठी रिव्ह्यू बदलायची गरज नाही.

रंकाळ्याचं पण खरंय. जाहिरातीत तो फोटो आणि ती ओळ जुनी आहे, काढायची राहून गेली, आता काढलीय. पण न्यायला नको होतं हे मी आजही म्हणेन. एक तर उजळाईवाडीच्या विमानतळामुळं शहराकडच्या भागात किती अंतरावर किती उंची चालते ह्याचे नियम लागतात, मॅप बघितल्याशिवाय तिथं ड्रोन वर न्यायचाच नाही. दुसरं म्हणजे सकाळी तिथं फिरायला येणारी माणसं, त्यांच्या डोक्यावर शिकाऊ हात नको. आणि तिसरं, पाणी. खाली उडताना ड्रोनच्या पोटातले कॅमेरे जमीन बघून जागा धरतात, पाणी हललं की त्याला वाटतं आपणच हललो आणि मग ते स्वतःच कुठंतरी सरकायला बघतं. माळावर चुकलं तर गवतात पडतं, तिथं चुकलं की डायरेक्ट जलसमाधी. आपलं मैदान पन्हाळा रोडला एवढं लांब घेतलंय ते काय हौस म्हणून नाही, सगळ्यांचं पेट्रोल जातं मला माहितीय.

लायसन्सचं मात्र मी मान्य करणार नाही. पहिल्या दिवशी फळ्यावर लिहून सांगितलेलं की आम्ही लायसन्स देत नाही. ते रिमोट पायलट सर्टिफिकेट डीजीसीएनं (विमान वाहतुकीवर देखरेख करणारं सरकारी खातं) मान्यता दिलेल्या ट्रेनिंग संस्थेतूनच मिळतं. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनोला ते लागत नाही, आणि २५० ग्रॅम ते २ किलोच्या मायक्रोला धंद्यासाठी उडवत नसाल तर लागत नाही. तुमचा ड्रोन मायक्रोत बसतो आणि तुम्हाला लग्नाच्या ऑर्डरी घ्यायच्यात, म्हणजे तुम्हाला लागणार, ते काढाच. पण ते सर्टिफिकेट असलेला माणूस शॉट चांगला काढेलच असं नाही, ते वेगळं आणि हे वेगळं. आमचा क्लास फक्त हाताचा आहे.

आता चौकोन. माझा खरा मुद्दा इथं आहे त्यामुळं जरा लांबेल, चालवून घ्या.

काही वर्षांपूर्वी मी स्वतःला लय भारी पायलट समजत होतो. तेव्हा गुळाची एक छोटी जाहिरात मिळाली, इकडंच एका गुऱ्हाळावर. शॉट असा की उसाच्या शेंड्यावरनं सरळ यायचं, गुऱ्हाळाच्या धुराड्याजवळनं जायचं आणि वाफाळलेल्या काहिलीवर थांबायचं. पहिला टेक असा बसला की सगळे टाळ्या वाजवायला लागले. मग डायरेक्टर म्हणाला, मस्त, आता परत तोच दे, ह्यावेळी धूर जास्त पाहिजे. चुलवाणात चिपाडं घातली, धूर आला, आणि माझा दुसरा टेक पहिल्यापेक्षा चार फूट वर. तिसऱ्यात स्पीड जास्त. चौथ्यात थांबायच्या जागेच्या पुढं गेलो. तोवर गुळव्यानं काहील उतरवली, गूळ वाफ्यात ओतला, आणि पुढची काहील तयार व्हायला अजून दोन-अडीच तास. सगळं युनिट उसाच्या बांधावर बसून माझ्याकडं बघतंय. पहिला टेक मला आला नव्हता, तो नशिबानं पडलेला, हे त्या दिवशी कळलं. घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी माळावर फक्की टाकली.

स्मूद शॉट आणि परत तसाच येणारा शॉट ह्या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत दादा. जो हात तीनदा सारखं उडवू शकतो त्याचाच शॉट स्मूद असतो, कारण झटका येतो कुठनं, तर हाताला पुढं काय करायचं हे माहीत नसतं आणि तो ऐनवेळी ठरवतो तिथनं. तालमीत पोरगं गेलं की वस्ताद त्याला पहिल्या दिवशी धोबीपछाड शिकवत नाही, जोर-बैठका मारायला लावतो. खासबागेत कुस्ती बघायला जाणाऱ्या कोल्हापूरकराला हे मी सांगायला पाहिजे का.

चौकोनाची बाजू २० मीटर. ती १० सेकंदांत कापायची, म्हणजे सेकंदाला २ मीटर, जरा झपाझप चालणाऱ्या माणसाएवढं. तोंडानं आकडे मोजायचे, लाज वाटली तरी. तुम्हाला ते हास्यास्पद वाटलं असं लिहिलंय, पण हे मूकपटवाल्या बाबूराव पेंटरांचं गाव आहे, त्यांनी कॅमेरा ह्याच गावात बनवला, आणि त्या जमान्यात कॅमेऱ्याचं हँडल माणूस हातानं फिरवायचा, एका फेरीत ८ फ्रेम, सेकंदाला साधारण दोन फेऱ्या, हाताचा वेग बदलला की पडद्यावरचा माणूस कधी पळायचा कधी रांगायचा. मोटर नव्हती म्हणून हातालाच घड्याळ करावं लागायचं. आपल्याकडं मोटर आहे म्हणून आपल्या हाताला घड्याळ नको असं थोडंच आहे.

मग तीन फेऱ्या रेकॉर्ड करायच्या आणि एडिटिंगमध्ये तिन्ही क्लिप एकावर एक ठेवून वरच्या दोन अर्धपारदर्शक करायच्या. मैदानातला तो लाल खांब तिन्हीत एकत्र चालला तर जमलं, तीन खांब दिसायला लागले तर नाही. डोळ्याला जे कळत नाही ते इथं लगेच उघडं पडतं. तुमच्या दुसऱ्या दिवशीच्या क्लिप माझ्याकडं आहेत, एक बाजू १० सेकंदांत, तीच दुसऱ्यांदा ८ मध्ये, तिसऱ्यांदा साडेबारा. पाचव्या दिवशी १०, साडेदहा, १०. चार दिवसांत हे झालंय आणि तुम्ही म्हणताय काय शिकवलं नाही. क्लिप तुमच्या आहेत, इथं टाकणार नाही, पेनड्राइव्ह घेऊन या आणि स्वतः बघा.

तुमचा हात बिघडत होता तो दोन जागी. एक म्हणजे थांबताना. तुम्ही स्टिक (रिमोटवरची दांडी) सोडून देता, ती स्प्रिंगनं टप्पकन मधे येते आणि ड्रोन नाक वर करून ब्रेक मारतो. स्टिक सोडायची नाही, अंगठा आणि पहिलं बोट दोन्हीत धरून हळूहळू मधे नेऊन ठेवायची, निघताना दोन सेकंद आणि थांबताना दोन सेकंद. दुसरं म्हणजे कोपऱ्यात तुम्ही आधी थांबता मग वळता. ड्रोन थांबायच्या आधीच वळायला लागला पाहिजे. आणि रेकॉर्डिंग चालू झालं की पाच सेकंद काही करायचं नाही, शॉट संपला की परत पाच सेकंद तसंच चालू द्यायचं, एडिट करणारा तुम्हाला आशीर्वाद देईल.

भारी शॉट शिकवला नाही म्हणताय त्याबद्दल. पाचव्या दिवशी खांबाभोवती गोल मारला ना? तो ऑर्बिट. लग्नात नवरा-नवरीभोवती जो मारतात तोच, फक्त खांब लाजत नाही आणि मधेच मामा येत नाही. उजव्या स्टिकनं उजवीकडं सरकायचं आणि त्याच वेळी डाव्या स्टिकनं तोंड डावीकडं वळवायचं. १५ मीटर लांब राहून सेकंदाला ३ मीटरनं गेलात तर पूर्ण फेरीला साधारण ३१ सेकंद लागतात, म्हणजे तोंड सेकंदाला ११-१२ डिग्री वळायला पाहिजे. एवढं हळू वळवायला अंगठ्याला सवय लागते, कारण स्टिक जेमतेम केसभर सरकलेली असते. म्हणून तर तिसऱ्या दिवशी सगळ्यांच्या रिमोटचा एक्स्पो (स्टिक थोडी हलवली की ड्रोन किती हलतो ते) आणि वळायचा स्पीड कमी करून दिला आणि सिने मोडवर, म्हणजे हळू चालीवर टाकलं, आणि खांब मधनं सरकला तर फक्त तोंड सुधारा, उजव्या स्टिकला हात लावू नका असं घसा बसेपर्यंत ओरडलो. चौकोनात हात बसला नसता तर हे एका दिवसात झालंच नसतं.

आणि एक, तुमच्या जुन्या क्लिप बघून तुम्हाला वाटायचं हात थरथरतो, तर त्यातला अर्धा दोष हाताचा नव्हताच. दुपारच्या उन्हात शटर ऑटोवर, ते कुठंतरी १/१००० सेकंदाला गेलेलं, प्रत्येक फ्रेम सुरीसारखी धारदार आणि त्यामुळं चाल तुटक दिसते. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर १/५०, आणि उजेड जास्त होतो म्हणून पुढं एनडी फिल्टर, म्हणजे कॅमेऱ्याचा काळा गॉगल. कोल्हापूरच्या एप्रिलच्या उन्हात त्याच्याशिवाय गत्यंतर नाही.

आता वेपॉइंट. बटण आहे, वापरा, मी पण वापरतो. एका बांधकामाचा दर महिन्याला तोच शॉट द्यायचा असेल तर त्याच्यासारखं काम हाताला जमणार नाही. पण ते उंची मोजतं ती बहुतेक ड्रोनमध्ये तुम्ही जिथनं उडालात तिथनं. जोतिबाच्या चढावर ह्या महिन्यात पार्किंगमधनं उडालात आणि पुढच्या महिन्यात वीस पायऱ्या खालनं, तर अख्खा रस्ताच तेवढा खाली येतो आणि झाड मधे येतं. जीपीएस पण जागा धरायला आडवं मीटर-दीड मीटर इकडं-तिकडं करू शकतं, लांबच्या शॉटला फरक पडत नाही, धुराड्याजवळनं जाताना पडतो. आणि त्या बटणाला नवी टाकलेली केबल दिसेलच असं नाही, आणि नवरदेवाची घोडी मधेच थांबली हे तर अजिबात कळत नाही. वरातीत वेपॉइंट लावून बघा एकदा, मग मला फोन करा.

वारा मात्र मी कमी शिकवला हे तुम्ही लिहिलं नाहीत पण मीच सांगतो. त्या पाच दिवसांत वारा नव्हताच. पन्हाळ्याच्या बाजूला कड्याजवळ वारा खालनं वर येतो आणि कड्याच्या मागं गोल फिरतो, ते नुसतं सांगून कळत नाही. (गडावर परवानगीशिवाय उडवायचं नाही, ते पुरातत्त्व खात्याकडं आहे, हे पण परत सांगतो कारण कुणीतरी जाणारच.) वाऱ्यात ड्रोन जागा धरून राहतो पण तिरका होऊन, त्यामुळं पुढं जाताना पंखे फ्रेममध्ये येतात, आणि मग लोक जास्त वेगाचा स्पोर्ट मोड लावतात ज्यात बऱ्याच ड्रोनचे अडथळ्याचे सेन्सर बंद होतात. पुढच्या बॅचपासून एक दिवस मुद्दाम दुपारचा ठेवतोय, वारा सुटल्यावर.

तर येत्या रविवारी सकाळी साडेसहाला या, पैसे नाहीत. फक्त तुम्ही आणि मी, सहा पोरं नाहीत, मेव्हण्याचा पोरगा तर नाहीच. शेजारच्या गुऱ्हाळवाल्याशी बोललोय, त्याच्या आवारात मला तेव्हा जमला नाही तो शॉट तुम्ही तीनदा काढायचा. जमला तर तुमच्या शोरीलमध्ये (गिऱ्हाइकाला दाखवायच्या नमुन्याच्या व्हिडिओत) टाका, नाही जमला तर इथं अजून एक स्टार कमी करा. बॅटऱ्या घरनंच फुल करून आणा, तिथं लाइट आठनंतर असते.