98 टक्के कशाचे?

ब्रिटनमधील घरांच्या उष्णतारोधनाविषयी, म्हणजे तिकडच्या बोलीत इन्सुलेशनविषयी, एक विधान सध्या हातोहात फिरते आहे: ‘सरकारी योजनेतून इन्सुलेशन केलेली 98 टक्के घरे बिघडली, कारण त्या पावसाळी देशाला हे तंत्रच मानवत नाही, फुकटाच्या मोहाने लोकांनी ते करून घेतले आणि आता करदात्यांच्या पैशातून सरकार ते निस्तरणार.’ यातला आकडा तेवढा खरा आहे.

तो ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या ऑक्टोबर 2025 च्या अहवालातला असून, ‘इको 4’ आणि ‘ग्रेट ब्रिटिश इन्सुलेशन स्कीम’ या दोन योजनांत भिंतींना बाहेरून लावलेल्या आवरणापुरता आहे: अशा 98 टक्के, म्हणजे 22,000 ते 23,000 घरांत मोठे दोष निघाले. आतून केलेल्या कामांत मोठ्या दोषांचे प्रमाण 29 टक्के निघाले.

तंत्राचे म्हणावे, तर बाहेरच्या थराने भिंत जाड होते. त्या मानाने छपराची कड पुढे आणली नाही किंवा खिडक्यांभोवतीचे सांधे बुजवले नाहीत, तर पावसाचे पाणी आवरणामागे शिरून तेथेच कोंडते, आणि हवा खेळती ठेवण्याची सोय न करता घर बंदिस्त केले, तर स्वयंपाकघरातली वाफ भिंतीवर जमून बुरशी धरते. म्हणजे दोष तंत्राचा किंवा पावसाचा नसून कामातल्या हलगर्जीपणाचा आहे.

‘फुकटाचा मोह’ हा आरोप मला सर्वांत अन्यायाचा वाटतो. या योजनांचा भर कमी उत्पन्नाच्या आणि थंडीने गारठणाऱ्या घरांवर होता, आणि काम करणाऱ्या कंपन्या ‘ट्रस्टमार्क’ या सरकारमान्य संस्थेकडे नोंदलेल्या होत्या. प्रत्यक्षात कामे पोटकंत्राटदारांच्या अर्धकुशल हातांत गेली, आणि 2022 पासून चाललेल्या योजनेतला हा व्यापक बिघाड खुद्द ट्रस्टमार्कच्या ध्यानात यायला ऑक्टोबर 2024 उजाडला. 39 कंपन्यांवरील निलंबन जानेवारी 2025 मध्ये जाहीर झाले. ऊर्जा नियामक ऑफजेमच्या अंदाजानुसार 5,600 ते 16,500 घरांच्या बाबतीत खोटे दावे करून पैसे उचलले गेले असावेत. जे तपासनिसांना दिसले नाही, ते घरातल्या आजींनी शिडी लावून पाहायला हवे होते काय?

पैसाही सरकारी तिजोरीतला नव्हता. ही कामे करून देण्याचे बंधन कायद्याने वीज-गॅस कंपन्यांवर होते आणि त्यांनी तो खर्च सर्व ग्राहकांच्या बिलांतून वसूल केला. दुरुस्तीची जबाबदारी मूळ कंत्राटदाराची आहे, असे सरकारचे म्हणणे आहे. बाहेरून आवरण लावलेल्या घरांची मोफत तपासणी सरकारने जाहीर केली, हे योग्यच झाले. पण तपासणी म्हणजे दुरुस्ती नव्हे. कंत्राटदार कंपनी बंद पडली असेल, तर कुटुंबाच्या हाती हमीपत्र उरते, आणि त्याची मर्यादा 20,000 पौंड आहे. त्याहून मोठे बिल आलेल्या घराचे काय, याचे उत्तर सरकारला द्यायचे आहे.