विहिरीच्या पायऱ्या आणि टँकरचे बिल

आज सोसायटीच्या सभेत मे महिन्याचे टँकरचे बिल वाचून दाखवण्यात आले: १ लाख ८६ हजार रुपये, रोजचे पाच टँकर. त्यावर कोणी हूं की चूं केले नाही. पुढच्याच विषयात मात्र एक सद्गृहस्थ म्हणाले, की समोरची टेकडी नुसती पडून आहे, तिथे काहीतरी झाले तर आपल्या फ्लॅटचे भाव वाढतील. ‘नुसती पडून’ हे शब्द अजून डोक्यातून जात नाहीत.

बाणेर १९९७ मध्ये पुणे महापालिकेत आले. त्याआधी आमची सोसायटी आहे तिथे माझ्या मामाचे शेत होते आणि शेताच्या कडेला दगडी बांधणीची विहीर. मामा पाणी फुटांत नव्हे, पायऱ्यांत मोजत असे. शिमग्याआधी सातवी पायरी उघडी पडली की उन्हाळी भाजीपाल्याचा बेत आवरता घेई. टेकडीवर पडलेला पाऊस गवतात अडायचा, मुरमातून आणि काळ्या पाषाणाच्या भेगांतून सावकाश खाली उतरायचा आणि दिवाळीनंतरही महिनोन् महिने त्या विहिरीत झिरपत राहायचा. टेकडी तेव्हाही नुसती पडूनच होती. पावसाला अशी मुरायला जागा उरली नाही की काय होते, ते २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीच्या पुरात पुण्यातल्या आंबिल ओढ्याकाठच्या वस्त्यांनी भोगले आहे.

त्याच १९९७ मध्ये पर्यावरण-अर्थतज्ज्ञ रॉबर्ट कोस्टान्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात निसर्गाच्या अशा फुकट सेवांची जगभराची किंमत वर्षाला सरासरी ३३ लाख कोटी डॉलर काढली होती. हा आकडा माझ्या आवाक्यातला नाही, आणि टेकडीला भाव लावणे मनाला पटतही नाही. पण १ लाख ८६ हजार मला नीट कळतात.

शेजारच्या प्लॉटवर तळघर खोदताना पाणी लागले, तेव्हा दोन महिने रात्रंदिवस पंप लावून ते गटारात सोडले जात होते आणि त्याच रस्त्यावर आमचे टँकर रांगेत उभे होते! मामाची विहीर तर त्याआधीच राडारोडा टाकून बुजवली होती. आज तिच्यावर पाहुण्यांच्या गाड्या लागतात.

माणसांना घरे लागतात, हे मान्य. शिवाय जमीन मामानेच विकली, त्या पैशांत दोन मुलींची लग्ने झाली आणि मी स्वतः त्याच जागेवर चौथ्या मजल्यावर राहतो, त्यामुळे कोणाच्या नावाने बोटे मोडताना जीभ जरा अडखळते. व्यवहाराच्या वेळी भाव गुंठ्यावर ठरला. विहिरीतल्या पाण्याचे काय, हे घेणाऱ्याने विचारले नाही आणि आम्हीही नाही.

सभेहून आल्यावर मामाला फोन केला. बिलाचा आकडा ऐकून तो हसला, मग टँकर कुठे भरतात ते त्याने विचारले. चालकाकडून कळले होते ते मी सांगितले: सूस गावाच्या पुढे कोणाची तरी विहीर आहे. मामा थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “तिच्या किती पायऱ्या उघड्या पडल्यात, ते विचारलंस का?”