तळघरातल्या खुर्च्या

गेली चार वर्षं मी आमच्या चर्चच्या युथ ग्रुपला शिकवते. नागपुरात आम्ही याला तरुण संघ म्हणायचो. इथं अमेरिकेत, नॅशव्हिलजवळच्या मेथडिस्ट (हा प्रोटेस्टंटांचा एक पंथ) चर्चमध्ये नाव वेगळं, बाकी सगळं तेच. रविवारची संध्याकाळ, चौदा ते सतरा वयाची पंधरा-सोळा पोरं, एक तार कायम तुटलेली गिटार, आणि पिझ्झा येईपर्यंत कुणाचंच कशात लक्ष नाही.

फेब्रुवारी म्हणजे ब्लॅक हिस्ट्री मंथ, काळ्या अमेरिकनांच्या इतिहासाचा महिना. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या वॉशिंग्टनच्या भाषणाचा व्हिडिओ लावायचा, प्रार्थना करायची, घरी जायचं. पहिली दोन वर्षं मीही तेच केलं. खोटं कशाला बोलू, सोपं जातं. पण व्हिडिओ संपला की पोरांच्या डोक्यात एवढंच उरतं: एक मोठा माणूस आला, सुंदर बोलला आणि सगळं सुरळीत झालं. आणि चर्च आपोआप चांगल्या बाजूला जाऊन बसतं.

माझं आता स्पष्ट मत झालंय. हा इतिहास चर्चमध्ये शिकवायचा तर भाषणापासून सुरुवात करूच नये. तळघरापासून करावी. आणि चर्च दोन्हीकडे होतं, हे पहिल्याच दिवशी सांगून टाकावं.

तळघर म्हणजे इथल्याच क्लार्क मेमोरियल मेथडिस्ट चर्चचं, आणि तिथं शिकवणारे जेम्स लॉसन. हे नाव मला अमेरिकेत आल्यावर कळलं याची लाज वाटते, कारण हा माणूस तीन वर्षं आमच्या नागपुरात होता! कोरियन युद्धाच्या वेळी सैन्यात जायला नकार दिला म्हणून तुरुंगात गेला, आणि सुटल्यावर १९५३ मध्ये मिशनरी म्हणून नागपूरला येऊन हिस्लॉप कॉलेजात मुलांना खेळ शिकवू लागला. गांधीजींना जाऊन तेव्हा पाचच वर्षं झाली होती. सत्याग्रह म्हणजे नुसतं सहन करणं नाही, त्याची तयारी असते, शिस्त असते, हे लॉसन भारतातून शिकून गेले. बसमध्ये काळ्यांना वेगळं बसवतात म्हणून माँटगोमेरी शहरात झालेल्या बस बहिष्काराची बातमीही त्यांनी नागपूरच्याच पेपरात वाचली. १९५६ मध्ये ते परतले. पुढच्या वर्षी किंग भेटले आणि म्हणाले, थांबू नका, आत्ताच अमेरिकेच्या दक्षिणेत या. लॉसन नॅशव्हिलला आले.

नॅशव्हिलच्या मोठ्या दुकानांत तेव्हा काळ्या माणसाला साबण, वही, मोजे काहीही विकत घेता यायचं. फक्त तिथल्या लंच काउंटरवर बसून सँडविच खाता यायचं नाही. पैसे चालायचे, शेजारी बसलेलं चालायचं नाही. (हे वाक्य मला कुठल्याही मराठी वाचकाला समजावून सांगावं लागणार नाही.)

लॉसन कॉलेजच्या पोरांना गोळा करून सराव घ्यायचे. ओळीनं खुर्च्या मांडायच्या, काही जणांनी बसायचं, बाकीच्यांनी गुंड व्हायचं. शिव्या द्यायच्या, तोंडावर धूर सोडायचा, खुर्चीवरून ओढायचं. बसलेल्यानं हात उचलायचा नाही. असं कित्येक महिने चाललं. मग १३ फेब्रुवारी १९६० ला १२४ विद्यार्थी निघाले आणि तीन दुकानांत जाऊन बसले. २७ तारखेला, शनिवारी, त्यांना मारहाण झाली, आणि पोलिसांनी अटक केली ती मार खाणाऱ्यांनाच, ऐंशीच्या आसपास जणांना. एक तुकडी गाडीत घातली की दुसरी येऊन त्याच स्टुलांवर बसायची. शेवटी १० मे रोजी काउंटर सगळ्यांसाठी उघडले. लॉसन यांना मात्र ते शिकत होते त्या व्हँडरबिल्ट विद्यापीठानं मार्चमध्येच काढून टाकलं होतं.

नॅशव्हिलच्या पब्लिक लायब्ररीत या आंदोलनाची एक खोली आहे. तिथल्या काउंटरवर विद्यार्थ्यांसाठी केलेले दहा नियम लिहिलेत. उलटून मारू नका. ताठ बसा, तोंड काउंटरकडे ठेवा. दुकानाची वाट अडवू नका. आणि शेवटी, येशू, गांधी आणि किंग यांची शिकवण विसरू नका. परदेशात, त्या यादीत, आपल्या म्हाताऱ्याचं नाव बघून मी स्टुलावर बसूनच राहिले. मागे एक शाळेची सहल खोळंबली होती.

आता माझा मूर्खपणा. गेल्या वर्षी मला वाटलं, आपणही सराव करून बघू. चार खुर्च्या मांडल्या. म्हटलं, शिव्या नकोत, फक्त खुर्ची ओढायची. आमच्या ग्रुपमधला एक काळा मुलगा, सहा फुटी, गाताना खालचा सूर लावणारा, पहिला जाऊन बसला. एका गोऱ्या मुलीनं त्याच्या खुर्चीला हात लावला आणि तिला रडूच कोसळलं. तर तोच उठला आणि तिची समजूत काढू लागला. बाकीची पोरं बुटांकडे बघत उभी. मी पिझ्झा आला का बघायला गेले. खरं तर पळालेच.

रात्री पार्किंगमध्ये त्याची आई भेटली. आवाज न चढवता म्हणाली, "त्याला ज्याचा सराव रोज असतो, तो तुम्ही पुन्हा कशाला घेता?"

लॉसन यांची पोरं तो सराव करत होती कारण दुसऱ्या दिवशी त्यांना खरंच तिथं जायचं होतं. आम्ही नाटक करत होतो. दुसऱ्याच्या दुखण्याचं नाटक बसवून त्याला इतिहास म्हणू नये.

यंदा खुर्च्या मांडल्या, पण काम वेगळं दिलं. म्हटलं, १२४ माणसं आहेत, तीन दुकानं आहेत. ठरवा. आत कोण जाईल, बाहेर कोण थांबेल, अटक झाली तर घरी कोण कळवेल, दंड भरायचा की तुरुंगात जायचं? पाऊण तास भांडणं. एकीनं विचारलं, अभ्यासाचं काय? मी सांगितलं, ती पोरं काउंटरवर बसून अभ्यासच करायची. इतका आनंद कुणाला किंग यांच्या भाषणानं झालेला मी पाहिला नाही.

त्याच्या पुढच्या रविवारी दुसरी बाजू. एप्रिल १९६३ मध्ये अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅममध्ये किंग यांना गुड फ्रायडेच्या दिवशी अटक झाली. त्याच सुमारास आठ गोऱ्या धर्मगुरूंनी निवेदन काढलं होतं की निदर्शनं अवेळी आहेत, धीर धरा, कोर्टात जा. किंग यांनी तुरुंगातून लिहिलेलं प्रसिद्ध पत्र हे त्याचंच उत्तर. सगळे उत्तर वाचतात. मी पोरांना आधी निवेदन दिलं, कुणी लिहिलं ते न सांगता. बहुतेकांना पटलं! "रीझनेबल आहे," म्हणाली. मग सांगितलं, यातले दोघे आपल्या मेथडिस्ट चर्चचे बिशप. आणि १९३९ पासून १९६८ पर्यंत आपल्याच चर्चनं काळ्या मंडळ्यांचा विभाग वेगळा काढून ठेवला होता. लॉसन यांचं तळघरही त्या वेगळ्या विभागातलंच.

एका पालकानं पास्टरांना मेल केला की चर्चमध्ये राजकारण आणू नका. टेनेसीत, म्हणजे आमच्या राज्यात, सरकारी शाळेत वंशाबद्दल काय शिकवू नये याचा २०२१ पासून कायदाच आहे. चर्चला तो लागू नाही. मग इथंही नाही तर कुठं, एवढंच मी उत्तर दिलं.

मागच्या रविवारी एक गोरा मुलगा म्हणाला, आजोबांना विचारलं. ते १९६० मध्ये सोळा वर्षांचे होते, त्या शनिवारी गावातच होते. दुकानाबाहेर गर्दी बघत उभे राहिले. "मग?" कुणीतरी विचारलं. "मग काही नाही. घरी गेले."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्या उंच पोरानं माझ्याकडे बघून विचारलं, तुमच्याकडे काय होतं?

मी आंबेडकर सांगू शकले असते, दीक्षाभूमी सांगू शकले असते. तोंडात आलंही होतं. पण मी सांगितलं की नागपुरात आमच्या घरी, दर रविवारी उपासनेला जाणाऱ्या घरी, संडास साफ करायला येणाऱ्या मावशींचा चहाचा कप वेगळा होता. निळ्या फुलांचा, कान तुटलेला.

"कुठे ठेवायचे तो?"

मागच्या खिडकीत, म्हटलं. जाळीच्या बाहेर.